हात लावू नका, स्पॅनिशमध्ये: हिंगण्यातल्या एका सूचनापत्रकाचं प्रकरण

हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात संत्र्या-मोसंब्यांची आकारानुसार प्रतवारी करणारी यंत्रं तयार होतात. फळं हॉपरमध्ये पडतात, पट्ट्यावरून पुढे सरकतात आणि फिरत्या रोलरमधल्या वाढत जाणाऱ्या फटींतून आपापल्या खणात उतरतात. नागपूरचं संत्रं वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात मँडरिनच. पेरू देशाच्या किनारपट्टीवर मँडरिनच्या मोठ्या बागा आहेत, त्यामुळे नागपूरच्या फळासाठी केलेल्या फटी तिथेही चालतात. अडचण आली ती कागदाची. यंत्रासोबत स्पॅनिशमध्ये सुरक्षेच्या सूचना हव्या होत्या. निर्यातीची कागदपत्रं सांभाळणारी कर्मचारी शनिवार-रविवारी स्पॅनिश शिकत होती, म्हणून ते काम तिच्याकडे आलं. तिने अठरा नकारार्थी सूचना लिहिल्या. त्यातल्या चार बरोबर निघाल्या आणि चौदा चुकल्या.

बरोबर आलेल्या चार सूचना साध्या क्रियापदांच्या होत्या: पॅनेल उघडू नका (आब्रिर), यंत्र चालू असताना साफ करू नका (लिंप्यार), पट्ट्यावर चढू नका (सुबिर), यंत्राजवळ धावू नका (कोर्रेर). म्हणजे नकारार्थी आज्ञेचा मूळ नियम तिला येत होता. ज्या क्रियापदांचं स्पेलिंग रूप बदलताना बदलतं, तिथेच घसरण झाली. यंत्राच्या पुस्तिकेत अशीच क्रियापदं जास्त असतात, हा योगायोग नाही. लावणं, ठेवणं, बंद करणं, भरणं, वापरणं, जोर लावणं, टांगणं ही यंत्राशी होणारी रोजची कामं आहेत, आणि स्पॅनिशमध्ये त्यांची नावं नेमकी सी-ए-आर, जी-ए-आर, झेड-ए-आर अशा शेवटांची आहेत.

या लेखात स्पॅनिश शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत आणि स्पेलिंग शाळेत शिकलेल्या अक्षरनावांनी दिलं आहे. उच्चार पेरूतला धरला आहे. तिथे झेड आणि मऊ सी दोन्ही ‘स’ ऐकू येतात. जे हे अक्षर घशातून घासत येणाऱ्या ‘ह’सारखं उच्चारतात.

पहिला मसुदा

चुकलेल्या चौदा सूचना आणि तिने क्रियापदाचं लिहिलेलं रूप असं होतं:

१. फिरत्या रोलरना हात लावू नका (तोकार): टी-ओ-सी-ई
२. पट्ट्यावर हत्यारं ठेवू नका (कोलोकार): सी-ओ-एल-ओ-सी-ई
३. गार्ड काढू नका (साकार): एस-ए-सी-ए
४. पट्ट्यावर माल असताना मोटर बंद करू नका (आपागार): ए-पी-ए-जी-ई
५. हॉपर क्षमतेपेक्षा जास्त भरू नका (सोब्रेकार्गार): शेवट सी-ए-आर-जी-ई
६. सफाईला पेट्रोल वापरू नका (उतिलिसार): यू-टी-आय-एल-आय-झेड-ई
७. लिव्हरवर जोर लावू नका (फोर्सार): एफ-ओ-आर-झेड-ई
८. यंत्रावर कपडे टांगू नका (कोल्गार): सी-यू-ई-एल-जी-ई
९. गार्ड बसवल्याशिवाय काम सुरू करू नका (एंपेसार): ई-एम-पी-आय-ई-झेड-ए
१०. यंत्र चालू असताना पडलेली फळं उचलू नका (रेकोहेर): आर-ई-सी-ओ-जी-ए
११. वेगळा आवाज आला तर काम चालू ठेवू नका (सेगीर): एस-आय-जी-यू-ए
१२. वायर पिळू नका (तोर्सेर): टी-यू-ई-आर-सी-ए
१३. रोलरमध्ये हात घालू नका (इंत्रोदुसिर): शेवट डी-यू-झेड-ए
१४. मोटर भिजवू नका (मोहार): एम-ओ-जी-ई

लाल पेनने चौदा गोल काढून हा कागद परत दिला असता तर काही साधलं नसतं. एकेक चूक कुठल्या जातीची आहे हे आधी पाहावं लागतं, कारण प्रत्येक जातीचा उपाय वेगळा आहे.

एकसारख्या दिसणाऱ्या चुका, तीन वेगळी कारणं

चौदापैकी दहा चुका कापाकापीच्या आहेत. मूळ क्रियापदाचा शेवट कापला, उरलेल्या भागाला नवा स्वर चिकटवला. तोकारचा शेवट काढला, टी-ओ-सी उरलं, ई लावला, झालं. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या ते आठव्या आणि दहाव्या ते बाराव्या सूचनांत हेच घडलं आहे.

हे मराठी विद्यार्थ्याच्या बाबतीत इतकं सहज का होतं, ते वहीत दिसतं. वर्गात शब्द कानावर पडतो आणि बहुतेक जण तो देवनागरीत उतरवतात: तोकार, नो तोके. देवनागरीत ‘क’ला मात्रा लावली की ‘के’, त्यात क कायम राहतो. आपल्या लिपीत पुढचा स्वर व्यंजनाचा आवाज फिरवत नाही, म्हणून वहीत काही बदललंय असं दिसतच नाही. रोमन लिपीत लिहिलेल्या स्पॅनिशमध्ये मात्र सी आणि जी या दोन अक्षरांचा आवाज पुढच्या स्वरावर ठरतो. ए, ओ, यू पुढे असेल तर सी म्हणजे क आणि जी म्हणजे ग. ई किंवा आय पुढे आला की तोच सी ‘स’ होतो आणि तोच जी ‘ह’ होतो. त्यामुळे टी-ओ-सी-ई हे पेरूतला माणूस ‘तोसे’ वाचेल. एस वापरून लिहिलेल्या ‘तोसे’चा अर्थ ‘खोकतो’, आणि तिथल्या कानाला दोन्ही एकच. रोलरला हात लावू नका ही सूचना मोठ्याने वाचली तर खोकण्याबद्दल काहीतरी ऐकू येतं.

स्पेलिंग बदलतं ते आवाज बदलू नये म्हणून. या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि बहुतेक विद्यार्थी ती उलटी धरून बसलेले असतात. ‘बदलणारी क्रियापदं’ हे नाव ऐकून त्यांना वाटतं की क्रियापद अनियमित आहे, वेडंवाकडं आहे, पाठच करावं लागेल. कानाने पाहिलं तर तोकार अगदी नियमित आहे. तोको, तोका, तोके, सगळीकडे क. तो क राखण्यासाठी ई-पुढे सी ऐवजी क्यू-यू लिहावं लागतं, इतकंच.

दुसऱ्या जातीच्या दोन चुका आहेत: तिसऱ्या आणि नवव्या सूचनेतल्या. ‘नो साका’, ‘नो एंप्येसा’. इथे अक्षरं ठीक आहेत, चुकला तो क्रियापदाच्या रूपाचा प्रकार. ही साध्या वर्तमानकाळाची रूपं आहेत, ‘तो काढत नाही’, ‘तो सुरू करत नाही’ अशी. सकारात्मक आज्ञेत ‘तू’ला ‘साका’ म्हणतात (काढ), त्याच्या आधी ‘नो’ लावला की नकार झाला, असा हिशेब यामागे आहे. स्पॅनिशमध्ये नकारार्थी आज्ञा त्या रूपाने होतच नाही. सगळ्या पुरुषांत तिच्यासाठी सुबहुंतिवो नावाच्या प्रकाराचं वर्तमानकाळी रूप वापरतात. मराठी माणसाला यात परकं काही वाटायला नको. ‘लाव’च्या मागे नुसता ‘नको’ आपणही जोडत नाही. ‘लावू नको’ म्हणतो, क्रियापदाचं रूप बदलतो. नागपुरी बोलण्यात तर ‘हात नको लावू’ असा क्रम सर्रास ऐकू येतो, नकार आधी आणि बदललेलं क्रियापद नंतर, म्हणजे अगदी स्पॅनिशसारखा.

तिसरी जात अतिदुरुस्तीची. तेराव्या आणि चौदाव्या सूचनेत नियम माहीत होता, पण चुकीच्या ठिकाणी लावला. त्यांच्याकडे पुढे येऊ.

आधी कोणत्या चुका दुरुस्त करायच्या

वर्गात सगळ्या चुकांना सारखेच गुण कापले जातात. सुरक्षेच्या पत्रकात तसं करणं योग्य नाही. उतिलिसारचं झेड-ई दिसायला वाईट आहे. इंग्रजीत त्याच शब्दात झेड असल्यामुळे हात तिकडे वळतो. पण पेरूतला कामगार ते बरोबरच वाचेल. स्पॅनिशमध्ये ई आणि आय यांच्या आधी झेड लिहायची पद्धत थोडेच शब्द सोडले तर नाही, म्हणून झेडचा सी होतो. एम-ओ-जी-ई हेही ‘मोहे’च वाचलं जाईल. या दोन चुकांनी कारखान्याची शोभा जाते, कुणाचं बोट जात नाही.

ए-पी-ए-जी-ई मात्र ‘आपाहे’ होतं, सी-यू-ई-एल-जी-ई ‘क्वेल्हे’, आर-ई-सी-ओ-जी-ए ‘रेकोगा’. वाचणारा थबकतो, अंदाज बांधतो आणि पुढे जातो. चालत्या यंत्रापाशी थबकायला लावणारी सूचना कमकुवतच म्हणायची.

सगळ्यात धोकादायक तीन आहेत: साका, एंप्येसा आणि त्वेर्का. हे तिन्ही शब्द स्पॅनिशमध्ये खरोखर आहेत. स्पेलिंग तपासणारं साधन त्यांच्याखाली लाल रेघ ओढत नाही. तोर्सेरचा शेवट कापून, ओ-चा यू-ई करून, ए लावून तयार झालेल्या टी-यू-ई-आर-सी-ए या शब्दाचा अर्थ आहे नट, बोल्टवर बसतो तो. यंत्राच्या पुस्तिकेत हा शब्द दहा ठिकाणी असतो, त्यामुळे नजरही त्यावर अडत नाही. ‘नो त्वेर्का’ वाचणाऱ्याला वाटेल, इथे नट नाही. संगणकाने काहीच दाखवलं नाही म्हणून पत्रक निर्दोष समजलं जातं आणि असे शब्द छापून जातात.

रूप घडवायची रीत

दुरुस्तीसाठी प्रत्येक क्रियापद पुढच्या क्रमाने पुन्हा लिहून घेतलं. क्रम महत्त्वाचा आहे. तो मोडला की काय होतं तेही या प्रकरणात दिसलं.

आधी ‘मी’चं वर्तमानकाळी रूप लिहायचं: तोको, आपागो, उतिलीसो, फ्वेर्सो, क्वेल्गो, रेकोहो, सीगो, त्वेर्सो. मूळ रूपापासून सुरुवात करायची नाही. कारण ओ-चा यू-ई, ई-चा आय-ई असा मुळातला स्वरबदल ‘मी’च्या रूपात आधीच झालेला असतो आणि वेगळा लक्षात ठेवावा लागत नाही. मग शेवटचा ओ काढायचा. मग ए-आर गटाच्या क्रियापदाला ई आणि ई-आर, आय-आर गटाला ए जोडायचा. हा अदलाबदलीचा भाग चार बरोबर सूचनांत तिने अचूक केला होता. ‘आब्रिर’ला आब्रा, ‘लिंप्यार’ला लिंप्ये.

यानंतर लिहायचं नाही, बोलायचं. ‘आपागो, आपागे.’ ग ऐकू आला पाहिजे. ‘क्वेल्गो, क्वेल्गे.’ ‘त्वेर्सो, त्वेर्सा.’ ‘मी’च्या रूपात शेवटच्या स्वराआधी जो आवाज होता तोच नव्या रूपात हवा. तो कानात पक्का झाला की शेवटी अक्षर निवडायचं: ई-आधी क हवा असेल तर क्यू-यू, ग हवा असेल तर जी-यू (यातला यू मुका), स हवा असेल आणि मुळात झेड असेल तर सी.

इथे एक गोष्ट कळली की अर्धं ओझं उतरतं. ई-आर आणि आय-आर गटात शेवटी अक्षर निवडायची वेळच येत नाही. तिथे ‘मी’च्या रूपातला ओ आणि आज्ञेतला ए हे दोन्ही स्वर सी-जीला सारखेच वागवतात. म्हणून जो बदल व्हायचा तो ‘मी’च्या रूपातच होऊन गेलेला असतो. रेकोहेरचं ‘मी’चं रूप आर-ई-सी-ओ-जे-ओ, जे आधीच आला आहे. ओ काढून ए लावला की आर-ई-सी-ओ-जे-ए. सेगीरचं एस-आय-जी-ओ, मुका यू आधीच गळला आहे, मग एस-आय-जी-ए. तोर्सेरचं टी-यू-ई-आर-झेड-ओ, मग टी-यू-ई-आर-झेड-ए. फक्त ए-आर गटात ओ-पासून ई-कडे उडी मारावी लागते, आणि ती उडी मारतानाच सी, जी, झेडचा आवाज घसरतो. आठवणीत ठेवायची यादी म्हणून एवढ्यात आवरते: सी-ए-आर, जी-ए-आर, झेड-ए-आर (जी-यू-ए-आरचं वेगळं प्रकरण शेवटी येईल).

दहाव्या ते बाराव्या सूचनांतल्या तिन्ही चुका ‘मी’चं रूप न लिहिता मूळ रूपावरून उडी मारल्यामुळे झाल्या होत्या. नव्या क्रमाने पहिल्याच फेरीत त्या बरोबर आल्या.

ज्यांना भूतकाळ येतो त्यांच्यासाठी एक आधार आहे. ‘मी हात लावला’, ‘मी बंद केलं’, ‘मी वापरलं’ या साध्या भूतकाळाच्या ‘मी’च्या रूपांतही हाच अक्षरबदल होतो: तोके, आपागे, उतिलिसे. फक्त शेवटच्या ई-वर स्वराघात आणि त्याची तिरकी खूण असते. भूतकाळात टी-ओ-क्यू-यू-ई नीट लिहिणारे विद्यार्थी आज्ञेत सी-ई लिहितात, कारण दोन्ही धडे वेगवेगळ्या महिन्यांत येतात आणि वहीत एकमेकांना भेटत नाहीत.

इंत्रोदुसिर आणि मोहार

तेराव्या सूचनेत तिने त्वेर्साच्या चालीवर झेड लावला. तोर्सेरमध्ये सी-च्या आधी आर हे व्यंजन आहे. अशा क्रियापदांत (वेन्सेर, एहेर्सेर याच घरातली) सी-चा झेड होतो आणि आवाज तोच राहतो. इंत्रोदुसिरमध्ये सी-च्या आधी यू हा स्वर आहे. अशा वेळी बहुतेक क्रियापदांत ‘मी’च्या रूपात झेड-सी येतं: इंत्रोदुस्को. म्हणजे इथे आवाजही बदलतो, स-च्या मागे क येतो. हा नुसता स्पेलिंगचा मामला नाही, म्हणून आवाज राखायचा नियम इथे चालत नाही. पण ‘मी’च्या रूपापासून सुरुवात करायची रीत चालते: इंत्रोदुस्को, इंत्रोदुस्का. बरोबर सूचना ‘नो इंत्रोदुस्का ला मानो’. सी-च्या आधी स्वर असूनही नुसता झेड घेणारी थोडी आहेत. कोसेर (शिजवणं) त्यातलं, ‘नो क्वेसा’. आसेर (करणं) आणि देसिर (सांगणं) यांचा रस्ता निराळाच, ‘नो आगा’, ‘नो दीगा’, पण तेही ‘मी’च्या आगो, दीगो वरूनच निघतात.

चौदाव्या सूचनेचं कारण वेगळं. रेकोहेरमध्ये जी-चा जे होतो हे वर्गात शिकवलं होतं. मग मोहारमध्ये जे आहे म्हटल्यावर त्याचा ई-आधी जी होणार, असं तिने धरलं. वाट उलटी चालत नाही. जे हे अक्षर कुठल्याही स्वरापुढे ‘ह’च राहतं, त्याला बदलायची गरज पडत नाही. एम-ओ-जे-ई. देहार (सोडून जाणं, राहू देणं) हे यंत्राच्या पुस्तिकेत सतत लागणारं क्रियापदही असंच, डी-ई-जे-ई.

अतिदुरुस्तीचा आणखी एक नमुना इतर विद्यार्थ्यांच्या वहीत दिसतो. मेस्क्लार (मिसळणं) या क्रियापदात सी आहे म्हणून तिथेही क्यू-यू घुसवतात. त्या सी-च्या पुढे स्वर नसून एल आहे, त्यामुळे क-चा आवाज धोक्यात येत नाही. एम-ई-झेड-सी-एल-ई असंच राहतं. शेवटच्या स्वराला चिकटून असलेलं अक्षर तेवढं पाहायचं.

दुसऱ्या मसुद्यात उरलेल्या दोन चुका

नव्या रीतीने लिहिलेल्या मसुद्यात बारा दुरुस्त झाल्या, सातवी आणि नववी उरली. एफ-यू-ई-आर-झेड-ई आणि ई-एम-पी-आय-ई-झेड-ई. दोन्हीत मुळातला स्वर बरोबर फुटला होता, पण झेड तसाच राहिला.

ही दोन क्रियापदं दोनदा बदलतात, एकदा पोटात आणि एकदा शेवटाला. पोटातला बदल डोळ्यात भरणारा आहे. तो साधला की काम झालं असं वाटतं आणि शेवटचा बदल राहून जातो. फोर्सार, एंपेसार, आल्मोर्सार (दुपारचं जेवण घेणं), त्रोपेसार (ठेच लागणं), कोल्गार, रेगार (पाणी घालणं), हुगार (खेळणं) या सगळ्यांत हा धोका आहे. त्यातही झेडवाली जास्त फसवतात, कारण तिथे कान मदत करत नाही. ‘फ्वेर्से’ झेडने लिहा की सीने, पेरूत ऐकायला एकच. उपाय एकच: दोन बदल एका दमात करायचे नाहीत. ‘फ्वेर्सो’ पूर्ण लिहून, खाली रेघ मारून, मग अक्षराकडे वळायचं.

या क्रियापदांची पक्की परीक्षा ‘आपण’च्या रूपात होते. ‘नो फोर्सेमोस’, ‘नो एंपेसेमोस’, ‘नो कोल्गेमोस’. इथे पोटातला बदल होत नाही, कारण जोर पुढे सरकतो, पण शेवटचा अक्षरबदल होतोच. दोन बदल एकमेकांवर अवलंबून नाहीत हे विद्यार्थ्याला इथे स्वतःच्या हाताने लिहून कळतं. पत्रकात हे रूप लागत नाही, तरीही सराव त्याचा करून घ्यावा.

नको, नका, नये

वर्गात नकारार्थी आज्ञा ‘तू’ पासून शिकवतात: ‘नो तोकेस’, म्हणजे ‘लावू नको’. अनोळखी कामगाराला उद्देशून लिहिलेल्या पुस्तिकेत ‘उस्तेद’चं (आदरार्थी ‘तुम्ही’चं) रूप हवं, शेवटचा एस काढून: ‘नो तोके’, ‘लावू नका’. अनेकांना उद्देशून ‘नो तोकेन’. तिच्या मसुद्यात हे नीट सांभाळलेलं होतं. संगणकाकडून भाषांतर करून घेतलेल्या पुस्तिकांत मात्र एका ओळीत ‘नको’, दुसरीत ‘नका’ आणि तिसरीत मूळ रूप अशी खिचडी नेहमी दिसते.

तिसऱ्या पर्यायाचा विचार करायलाच हवा. स्पॅनिश पाट्यांवर ‘नो तोकार’ असं मूळ रूपही चालतं. कुणा एकाला उद्देशून नसलेल्या सूचनेसाठी ते रीतसर मान्य आहे, आपल्या ‘हात लावू नये’सारखं. त्यात स्पेलिंग बदलतच नाही. मग एवढा खटाटोप कशाला? कारण पत्रकात नुसते नकार नसतात. ‘आधी मोटर बंद करा, मग गार्ड काढा’ हे माणसाला उद्देशून सांगावं लागतं, आणि ‘उस्तेद’च्या सकारात्मक आज्ञेलाही हेच रूप लागतं: आपागे, साके. नकार टाळला तरी जी-यू-ई आणि क्यू-यू-ई टळत नाहीत.

म्हणून निर्णय असा झाला: यंत्रावर चिकटवायच्या स्टिकरवर मूळ रूप, पुस्तिकेत सगळीकडे ‘उस्तेद’. एका कागदावर दोन्ही मिसळायचे नाहीत.

पुस्तिकेत सर्वनाम आलं की आणखी एक जागा अडते. ‘ते बंद करा’ म्हणताना ‘ते’ क्रियापदाला मागून चिकटतं आणि स्वराघाताची खूण द्यावी लागते: आपागेलो, दुसऱ्या ए-वर खूण. नकारात तेच सर्वनाम सुटं होऊन पुढे येतं आणि खूण जाते: ‘नो लो आपागे’. चिकटवून ‘नो आपागेलो’ लिहिणं ही चूक दुसऱ्या मसुद्यात एका ठिकाणी होती. पहिल्या चौदांत सर्वनामंच नव्हती, म्हणून ती आधी दिसली नाही.

शब्दांची निवडही पाहिली. उचलणं, धरणं यासाठी शब्दकोशात पहिला मिळतो तो कोहेर. स्पेनमध्ये तो रोजचा शब्द आहे, पण मेक्सिको आणि अर्जेंटिनात तो अश्लील आहे. तीच पुस्तिका उद्या दुसऱ्या देशात जाऊ शकते, तेव्हा ‘धरू नका’ला आगार्रारचं ‘नो आगार्रे’ घ्यावं. ते स्पेलिंग न बदलणारं आहे. ‘गोळा करू नका’ला रेकोहेर सगळीकडे सुरक्षित.

सरावासाठी

अठरा ओळी पुन्हा पुन्हा लिहिल्या तर त्या अठराच पाठ होतात. म्हणून ‘तू’च्या रूपात तोंडी सराव घेतला, नागपुरात रोज तोंडात येणाऱ्या वाक्यांवर. व्हरायटी चौकात सिग्नल नसताना रस्ता ओलांडू नको (क्रुसार: नो क्रुसेस, सी-ई-एस). मे महिन्यात भर दुपारी झाडांना पाणी घालू नको (रेगार: नो र्‍येगेस, जी-यू-ई-एस). उशिरा पोचू नको (येगार: नो येगेस). कळमन्याच्या बाजारात पहिला भाव देऊन मोकळा होऊ नको (पागार: नो पागेस). गाडी शोधत बसू नको (बुस्कार: नो बुस्केस, क्यू-यू-ई-एस). एकाने मराठीत म्हणायचं, दुसऱ्याने स्पॅनिशमध्ये बोलायचं आणि तिसऱ्याने फक्त शेवटची अक्षरं सांगायची. बोलणारा आणि अक्षरं सांगणारा वेगळे ठेवले की चूक कानाची आहे की हाताची ते लगेच समजतं. बहुतेक वेळा ती हाताची निघते. मराठी कानाला क, ग, स मधला फरक अवघड नाही.

शंका आली तर पडताळायला स्पेनच्या रेआल अकादेमिया या भाषासंस्थेचा (स्थापना १७१३) शब्दकोश इंटरनेटवर मोफत आहे. त्यात क्रियापदाची सगळी रूपं कोष्टकात मिळतात. सुबहुंतिवोच्या वर्तमानकाळाच्या रकान्यात ‘उस्तेद’समोरचं रूप पाहायचं. साध्या वर्तमानकाळाच्या रकान्यातून घाईत उचललं की पुन्हा ‘साका’ हाती येतं.

छपाई

पत्रक तयार झाल्यावर पेरूच्या ग्राहकाने फळं धुण्याच्या टाकीसाठी आणखी एक सूचना मागितली: पंप चालू असताना टाकी रिकामी करू नका. क्रियापद देसाग्वार. यात ग-नंतरचा यू मुका नाही, ‘ग्व’ असा स्पष्ट ऐकू येतो. ई लावल्यावर जी-यू-ई लिहिलं तर तो मुका होऊन ‘देसागे’ वाचलं जाईल. तो जिवंत ठेवायला यू-वर दोन टिंबं द्यावी लागतात, मग ‘देसाग्वे’. विंडोजवर आल्ट दाबून आकड्यांच्या पॅडवर १२९ टाइप केलं की टिंबवाला यू उमटतो. स्वराघाताच्या खुणेचा ए १६०ने, ई १३०ने. फोनवर स्पॅनिश कीबोर्ड घेऊन यू दाबून धरला की मिळतो.

पुस्तिकेतल्या इशाऱ्याच्या ओळी मोठ्या अक्षरांत छापायच्या असल्याने छापखान्यात टिंबं काढून टाकली जाण्याची शक्यता होती. मोठ्या अक्षरांना खुणा लागत नाहीत असा समज आहे. स्पॅनिशच्या नियमानुसार टिंबं आणि स्वराघाताच्या खुणा मोठ्या अक्षरांवरही द्याव्याच लागतात. शिवाय प्रत्येक फाँटमध्ये टिंबवाला यू असतोच असं नाही. नसेल तर तिथे रिकामा चौकोन उमटतो. म्हणून छापखान्याला शब्द टाइप करायला न देता पीडीएफ द्यावी, फाँट आतच बसवलेला.

आणि कच्चा छाप हातात आल्यावर एक जागा मुद्दाम बोट ठेवून वाचावी. ‘यावर दुसरं लेबल चिकटवू नका’ ही पुस्तिकेतली सूचना पेगार वरून ‘नो पेगे’, जी-यू-ई. हाताने लिहिलेल्या कागदावर लहान जी आणि लहान क्यू सारखे दिसतात. टाइप करणाऱ्याने जी-चा क्यू केला तर ‘नो पेके’ होतं, पेकार या दुसऱ्याच क्रियापदाचं अगदी शुद्ध रूप. अर्थ: पाप करू नका. लाल रेघ इथेही येत नाही.